काष्ट्याची नऊवारी आणि पाच वर्षांची करवली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत लग्नसराईतल्या लहान मुलांच्या कपड्यांवर अख्खं पान आलं होतं. फोटो सुरेख होते. नऊवारी नेसलेल्या तीन-तीन वर्षांच्या मुली, चंद्रकोर, नथ, खोपा. धोतर-शेल्यातली पोरं, डोक्याला फेटा. सोमवारी सकाळी दुकान उघडतेय तोवर दोघीजणी तेच पान घडी करून घेऊन आल्या. "काकू, अस्संच शिवून पाहिजे." म्हणजे हे पत्र माझ्याच गल्ल्यावर पाय देणारं आहे. तरी लिहिते.

मी कराडला ३१ वर्षं शिवणकाम करते. सुरुवात फॉल-पिकोनं झाली, मग ब्लाउज, आणि गेली बारा-तेरा वर्षं दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत मुख्य काम लग्नाचं. त्यात लहान मुलींची शिवलेली नऊवारी सर्वांत जास्त. तुमच्या पानावर रंग कुठला घ्यावा, काठ केवढा असावा, खणाचं पोलकं कशावर शोभतं हे सगळं होतं. त्या मुलीला शू लागली तर काय करायचं, हे मात्र कुठेच नव्हतं. हसू नका. चार वर्षांपूर्वी मलाही हे सुचलं नव्हतं, आणि मी तर शिवणारी.

माझ्या धाकट्या दिरांच्या मुलाचं लग्न होतं. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून करवलीचा मान माझ्या नातीला, मुलाच्या मुलीला मिळाला. तेव्हा ती पाच वर्षांची होती. घरची शिवणारी, पहिलीवहिली नात, मग काय विचारता! मी अंजिरी रंगाची पेशवाई शिवली. निऱ्या पक्क्या, काष्टा मागं पक्का शिवलेला, कमरेला नाडी, नाडीवर कंबरपट्टा, आणि पदर सरकू नये म्हणून सात पिना. अंगावर चढवायला वीस मिनिटं लागली. आरशात बघून पोर स्वतःशीच हसली होती.

मुहूर्त १२ वाजून ४१ मिनिटांचा होता. आमच्या भागातली लग्नं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. नवरदेव पारावरून यायलाच पाऊण तास उशीर. मग माइकवर सत्कार सुरू. अमुक साहेब आलेत, तमुक दादा आलेत, त्यांचे शुभाशीर्वाद, त्यांच्या वतीनं आणखी कुणाचे शुभाशीर्वाद. शुभेच्छा पुढच्या निवडणुकीच्या होत्या की नवराबायकोला होत्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही. या सगळ्या वेळात नात कऱ्हा हातात धरून उभी. सकाळपासून उन्हाचं म्हणून तिला कोकम सरबताचे दोन पेले पाजले होते, तेही मीच.

तिनं मला तीनदा सांगितलं, "आजी, शू." तिन्ही वेळा मी म्हटलं, "थांब, झालंच आता." वीस मिनिटांचा तो सगळा पसारा सोडून परत चढवायचा, तेवढ्यात अंतरपाट धरला तर? म्हणून थांब.

पाचव्या मंगलाष्टकाला माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. लाल गालिच्यावर ओला डाग पसरत होता. नात समोर बघत होती, ओठ घट्ट मिटलेले, आणि कऱ्हा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. तो थरथरत होता, पण तिनं सोडला नाही. आठवडाभर मी तिला एकच घोकून घेतलं होतं ना, काही झालं तरी कऱ्हा खाली ठेवायचा नाही. मी सांगितलेलं तिनं अक्षरशः पाळलं. तिनं सांगितलेलं मी पाळलं नाही.

बऱ्याच जणांना वाटलं कऱ्ह्यातलं पाणी सांडलं. पण एका हौशी नातेवाइकानं ते सगळं मोबाइलवर घेतलं आणि संध्याकाळी घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. माझ्या सुनेनं फोन करून ते काढायला लावलं. तोवर ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं होतं. नात आता नऊ वर्षांची आहे. लग्नाला येते, जेवते, खेळते. कुणी फोटोला उभी राहा म्हटलं की माझ्या मागं जाते.

त्या रात्री मी घरी येऊन ती नऊवारी धुतली आणि उसवली. मग नव्यानं कट काढला. आता लहान मुलीची नऊवारी शिवताना आतली बैठकीची शिवण मी पूर्ण बंद करत नाही. दोन्ही बाजूंचं कापड चार बोटं एकावर एक चढवते. उभी असताना, चालताना काही दिसत नाही. खाली बसलं की आपोआप मोकळं होतं. काष्टा मागं कमरेशी शिवून टाकायच्या ऐवजी वेलक्रोच्या पट्टीवर बसवते. खर्र करून ओढला की सुटतो, आणि पाच वर्षांची पोर तो स्वतः सोडू शकते. दुकानात ट्रायलला आली की आधी हेच करून बघायला लावते. मुलींना तो आवाज भारी आवडतो, चार-चार वेळा करतात. आयांना वाटतं काकू पोरीशी खेळतायत. पदराला पिना नाहीत, खांद्यावर दोन टिचबटणं. पोलक्याला सुती अस्तर, तेही गळ्याच्या आणि बाहीच्या कडेवर उलटून बाहेर आणलेलं, म्हणजे जर अंगाला लागत नाही. जरीनं मान लाल झालेली पोर मंगलाष्टकं ऐकेल का मान खाजवेल?

कपड्यावरून आठवलं, लाजाहोमाच्या वेळी मुलं होमाच्या अगदी कडेला असतात. नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायला तिचा भाऊ, तो कधीकधी सहा-सात वर्षांचाच. हौसेनं बसलेल्या बाकीच्या पोरी त्याच्या शेजारी, फुगलेल्या नेटच्या घागऱ्यात. हे नेट, साटीन आणि हल्लीचं बहुतेक 'सिल्क' पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं असतं. त्यावर ठिणगी पडली तर ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. आपल्या कपड्यातला एक धागा काढून घरी जाळून बघा. खरं रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत राख चुरगळते. सूत कागदासारखं जळतं. पॉलिएस्टरचा मात्र काळा, टणक मणी होतो. मी तो मणी एका डबीत ठेवलाय, गिऱ्हाइकाला दाखवायला. तो बघितल्यावर निम्म्या तरी आया होमाजवळ बसणाऱ्या मुलासाठी सुती धोतर घेतात. बाकीच्या म्हणतात, "काकू, पण फोटोत चमक येत नाही."

नंतर एकदा तो कऱ्हाही मी तोलून बघितला. तांब्याचा कऱ्हा, पाऊण भरलेलं पाणी, आंब्याचा डहाळा आणि वर नारळ. स्वयंपाकघरातल्या काट्यावर २ किलो १०० ग्रॅम भरला. नातीचं वजन तेव्हा १६ किलो होतं. साठ किलोच्या बाईनं आठ किलोचा डबा छातीशी धरून तासभर उभं राहण्यातला प्रकार. आमच्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "अहो, तळाला ओंजळभर पाणी असलं तरी चालतं, मला विचारलं कुणी?" खरंच कुणी विचारलं नव्हतं. पोरगी मोठ्या माणसाइतकंच वजन पेलणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. आता मी आयांना सांगते, घरी आधी प्लास्टिकचा तांब्या द्या, मग रिकामा कऱ्हा, मग थोडं पाणी. आणि दुसरी करवली लामणदिवा घेणार असेल तर ती बारा-तेरा वर्षांच्या वरची बघा. पेटती वात आणि लोंबता पदर लहान मुलाच्या हाती द्यायचा नाही, मान कितीही असला तरी.

आता कानपिळीचं सांगते. हे सांगितल्याशिवाय पत्र संपवणार नाही.

मागच्या हंगामात एक सहा वर्षांचा मुलगा धोतराच्या मापाला आला. चुलत बहिणीचं लग्न, कान पिळायचा मान याला. मी कमरेचं माप घेतेय, आणि हा एकदम मला विचारतो, "आजी, ताईच्या नवऱ्यानं काय केलंय?"

"काय केलंय म्हणजे?"

"मग त्याचा कान का पिळायचा?"

आई म्हणाली, "अरे पद्धत असते रे ती, गप उभा राहा."

तो काही गप राहिना. "शाळेत मी एकाचा पिळला तर बाईंनी मला बाकावर उभं केलं."

पोराचं बरोबरच होतं की! वर्षभर सांगायचं कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि मग तीनशे माणसांसमोर ढकलायचं, जा, पीळ कान. मी टेप गळ्यात टाकली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसले. म्हटलं, "त्यानं अजून काही केलेलं नाही. करू नये म्हणून आधीच पिळायचा. माझ्या ताईला नीट सांभाळ, नाहीतर मी आहे, एवढं त्याला सांगायचं. तोंडानं न बोलता."

तो जरा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "जोरात?"

"हळू. पहिलीच ओळख आहे."

आमचे हे तेव्हा कोपऱ्यात काजं-बटणं करत बसले होते. म्हटलं, चल, या आजोबांचा पिळून दाखव. पहिल्यांदा त्यानं असा पिळला की यांचा चष्मा खाली. दुसऱ्यांदा बरा. तिसऱ्यांदा अगदी बेताचा, आणि वर भुवया चढवून यांच्याकडे रोखून बघितलं. पुढं त्याच्या आईनं सांगितलं, मांडवात त्यानं अगदी तस्संच केलं आणि पाकीट घ्यायच्या आधीच पळाला. नवरदेवाला पाकीट हातात धरून त्याच्या मागं माणूस पाठवावा लागला.

पाच मिनिटांचं काम होतं हे. पण त्याला कुणी कारण सांगितलं नव्हतं. फेट्याचा रंग मात्र तीन वेळा बदलून झाला होता. फेट्याचंही सांगून टाकते. बांधायचा तर आयत्या वेळी बांधा. मेच्या उन्हात तास-तासभर घट्ट फेटा म्हणजे पोराचं डोकं दुखणार, आणि मग ते चिडचिड करतं म्हणून त्यालाच बोल लावायचे.

अक्षतांचीही तालीम लागते. मुलं अक्षता दगडासारख्या भिरकावतात, त्या नेमक्या पुढच्या माणसाच्या डोळ्यात जातात. घरी चुरमुरे देऊन शिकवावं, ओंजळ खालून वर न्यायची आणि उघडायची. 'सावधान' ऐकू आलं की टाकायच्या, हे एकदा कळलं की मुलं कान देऊन ऐकतात, मोठ्यांपेक्षा जास्त. मोठी माणसं तेव्हा जेवणाच्या पंगतीत जागा धरायला निघालेली असतात.

आणि आवाज. शेवटचं 'सावधान' झालं की बँड, ताशा, फटाके सगळं एकदम अंगावर येतं. मुलाला आधी सांगून ठेवलं की आता मोठ्ठा आवाज होणार आहे, तर ते कानांवर हात ठेवून मजेत वाट बघतं. सांगितलं नाही तर किंचाळतं. त्यात आता एंट्री आली आहे. नवरीच्या पुढं पाटी धरून लहान मूल, दोन्ही बाजूंनी थंड फटाक्यांची कारंजी, खाली कोरड्या बर्फाचा धूर. तो धूर जड असतो, जमिनीलगत राहतो. नवरीच्या गुडघ्याला लागतो तेव्हा पाटीवाल्या पोराच्या नाकातोंडाशी असतो, हे बघणारं तिथं कुणी नसतं. बघणारे सगळे मोबाइलच्या आतून बघत असतात. गंमत म्हणजे आपल्या जुन्या मराठी मंगलाष्टकातच वाजंत्रीवाल्यांनी फार गलबला करू नये, अशी विनंती आहे. गुरुजी ती गळा काढून म्हणतात आणि ती संपायच्या आत ताशा सुरू होतो.

तुम्ही म्हणाल, पूर्वी कुठे ही तयारी होती, मुलं आपोआप शिकत होती. नव्हती कशी! माझ्या आजेसासूबाईंचं लग्न त्या नऊ वर्षांच्या असताना झालं, शारदा कायदा यायला पंधराएक वर्षं होती तेव्हा. १९२९ च्या त्या कायद्यानंही मुलीचं वय चौदाच ठरवलं, अठरा व्हायला १९७८ उजाडलं. आजेसासूबाई सांगायच्या, महिनाभर आई रोज बाहुला-बाहुलीचं लग्न लावायला बसवायची. अंतरपाट धरायचा, माळ घालायची, रडायचं नाही. "मला वाटलं हेपण बाहुलीचंच," म्हणायच्या. मंगलाष्टकांत त्यांना झोप लागली आणि मामानं कडेवर घेऊन उभं केलं. हे सांगताना त्या हसायच्या. आम्हा नातसुनांना हसावं की काय करावं ते कळायचं नाही. त्या काळी पोरीची तयारी पोरीच्या लग्नासाठीच व्हायची. तो सगळा प्रकार गेला ते उत्तम झालं. पण बाहुलीचं लग्नही त्याच्याबरोबर गेलं, ते जायला नको होतं.

तुळशीचं लग्न अजून आहे, आणि ते आमच्याकडे लग्नसराईच्या तोंडावरच येतं. उसाचा मांडव, चिंच-आवळे, बाळकृष्ण, अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, सगळं तेच, फक्त तुळस उंचीला मुलांच्या बेताची. ज्यांच्या घरच्या पोरांना यंदा कुठल्या लग्नात मान आहे त्यांनी त्यांना तिथं एकदा सगळं करू द्यावं. गेल्या वर्षापासून आमच्या गल्लीतली मुलं माझ्या अंगणात करतात. एकजण गुरुजी होतो आणि मंगलाष्टक विसरला की पाढे म्हणतो.

तुमच्या पानाबद्दल तक्रार नाही. पण पुढच्या वेळी फोटोंच्या बाजूला दोन ओळी द्याव्यात: मुलाला अकरा वाजताच घरून आणलेला दहीभात भरवावा, अंतरपाटाच्या आधी एकदा बाथरूमला न्यावंच, त्याच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस असावं, आणि त्या माणसाला दुसरा कुठलाही मान देऊ नये. करवलीची आजी 'थांब, झालंच आता' म्हणत राहिली की काय होतं ते मी वर लिहिलंच आहे. आणि मुलाचं काही चुकलं, सांडलं, रडलं, तर त्याचा व्हिडिओ पुढं पाठवू नये. मोठ्यांचा पाठवा खुशाल, वरातीत नाचणाऱ्यांचा.

उघड्या बैठकीच्या नऊवारीचा कागदी कट माझ्याकडे तीन, पाच आणि सात वर्षांच्या मापात तयार आहे. कुणा शिवणाऱ्या बाईला हवा असेल तर दुकानात येऊन उतरवून न्यावा, पैसे नकोत.

यंदा आमच्या अंगणातल्या तुळशीच्या लग्नाला नात येणार आहे. मुलांनी कामं वाटून घेतलीत. तिला करवली हो म्हणाले, तर म्हणाली, मी कऱ्हा घेणार नाही, मी अंतरपाट धरणार. दुसऱ्या टोकाला उंचीचं कुणी मिळेना, म्हणून तिकडून मी धरायचा आहे.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, कराड